सूर्यमाला टेबलांत मांडताना: एसक्यूएलच्या पहिल्या पाठांच्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२५

एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारण्याची आणि आज्ञा देण्याची भाषा) आणि रिलेशनल डेटाबेस (एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवलेली माहिती) यांची पहिली ओळख करून देणाऱ्या पाठांसाठी एक छोटा सराव-डेटाबेस तयार करण्याचे काम आज हाती घेतले. नवशिक्यांच्या पाठांत बहुधा कर्मचारी, विभाग आणि पगार यांची काल्पनिक टेबले दिलेली असतात. त्यांत मला एक उणीव जाणवते, ती अशी की आलेले उत्तर खरे की खोटे हे शिकणाऱ्याला स्वतःहून ठरवता येत नाही, कारण त्या माहितीला टेबलाबाहेर अस्तित्वच नसते. म्हणून ग्रह, त्यांचे उपग्रह आणि त्या उपग्रहांचे संशोधक हा विषय निवडला आहे. ही माहिती सर्वांना खुली आहे, कोणालाही ती पडताळून पाहता येते आणि तिच्यातले परस्परसंबंध मुळातच ठरलेले आहेत. ते उदाहरणासाठी रचावे लागत नाहीत.

आठ ग्रह, प्लुटो आणि या नऊ जणांचे निवडक २७ उपग्रह एवढ्याच माहितीवर सर्व पाठ बसवायचे आहेत. उत्तर आधी टेबलावर बोट ठेवून मोजायचे आणि मगच संगणकाला विचारायचे, हा क्रम पाळता यावा यासाठी आकार मुद्दाम लहान ठेवला आहे.

साधन म्हणून एसक्यूलाइट वापरणार आहे. रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेल्या या प्रणालीत संपूर्ण डेटाबेस एकाच फाइलमध्ये राहतो आणि वेगळा सर्व्हर चालवावा लागत नाही. पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस प्रणाली वापरणाऱ्यांनाही हे पाठ उपयोगी पडतील. जिथे वागणूक वेगळी आहे तिथे तसे नमूद करीन. टेबलांची आणि रकान्यांची नावे देवनागरीत ठेवली आहेत व एसक्यूलाइट ती विनातक्रार स्वीकारते. या नोंदींत आज्ञांचे मूळ शब्द आणि अंकही वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिले आहेत; प्रत्यक्ष टंकताना ते रोमन लिपीत आणि आंतरराष्ट्रीय अंकांतच द्यावे लागतात.

६ ऑगस्ट २०२५

पहिल्या पाठात एसक्यूएलचा एकही शब्द येणार नाही. त्याऐवजी सगळी माहिती एका लांबरुंद तक्त्यात भरून दाखवायची आणि तो तक्ता कुठे कुठे तुटतो हे वाचकाच्या नजरेस आणून द्यायचे, असे ठरवले. प्रत्येक उपग्रहासाठी एक ओळ आणि तिच्यात उपग्रहाचे नाव, त्याचा व्यास, शोधवर्ष, संशोधक, तो ज्याच्याभोवती फिरतो त्याचे नाव, त्याचा व्यास आणि त्याचा वर्ग, असे रकाने आहेत. स्प्रेडशीट वापरणारा कोणीही माणूस पहिल्यांदा अशीच मांडणी करील आणि वीस-पंचवीस ओळी केवळ वाचायच्या असतील तर ती पुरेशीही आहे.

अडचण माहिती बदलू लागली की सुरू होते. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २४ ऑगस्ट २००६ रोजी ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लुटो बटुग्रह ठरला. प्लुटोचे कॅरन, निक्स, हायड्रा, कर्बेरॉस आणि स्टिक्स हे पाच उपग्रह आपल्या तक्त्यात आहेत. म्हणजे ‘प्लुटो हा ग्रह आहे’ हे एकच विधान पाच ओळींत पाच वेळा लिहिलेले आहे. चार ओळी बदलल्या आणि पाचवी राहून गेली, तर तोच तक्ता प्लुटोला एकाच वेळी ग्रहही म्हणतो आणि बटुग्रहही, आणि यांतले खरे कोणते हे तक्त्याकडे पाहून सांगता येत नाही.

दुसरी अडचण बुध आणि शुक्र यांची आहे. त्यांना उपग्रह नाहीत, आणि इथे तर ओळ उपग्रहाची आहे. तेव्हा बुधाचा व्यास ४,८७९ किलोमीटर आहे ही साधी माहिती लिहायला या तक्त्यात जागाच नाही. त्यासाठी उपग्रहाचे रकाने मोकळे ठेवून एक ओळ घुसवावी लागेल, आणि मग ‘किती उपग्रह आहेत’ या प्रश्नासाठी ओळी मोजणारा माणूस फसेल. याच्या उलट, चंद्राची ओळ काही कारणाने काढून टाकली तर तिच्याबरोबर पृथ्वीचा व्यासही नाहीसा होतो, कारण पृथ्वीची माहिती त्या एका ओळीतच होती.

या तिन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. उपग्रहाविषयीची विधाने आणि ग्रहाविषयीची विधाने एकाच ओळीत कोंबली आहेत. ज्या गोष्टीविषयी विधान आहे, तिच्या टेबलात ते एकदाच लिहिलेले असावे, हा नियम शिकणाऱ्याच्या मनात पक्का बसला की पुढची अर्धी वाट सोपी होते. नॉर्मलायझेशन या नावाखाली पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या नॉर्मल फॉर्मच्या व्याख्या शिकवल्या जातात, त्या योग्यच आहेत. परंतु त्यांच्या आधी प्लुटोच्या या पाच ओळी डोळ्यांनी पाहिलेल्या असाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

११ ऑगस्ट २०२५

आज टेबलांची रचना कायम केली. नऊ मुख्य वस्तूंच्या टेबलाला ‘ग्रह’ असे नाव देण्याचा मोह होतो, पण प्लुटोची ओळ त्या नावाला पहिल्याच दिवशी खोटे पाडील. म्हणून टेबलाचे नाव ‘पिंड’ ठेवले आणि ग्रह की बटुग्रह हे सांगणारा ‘वर्ग’ हा रकाना त्यात घेतला.

क्रिएट टेबल पिंड (क्रमांक इंटिजर प्रायमरी की, नाव टेक्स्ट नॉट नल युनिक, वर्ग टेक्स्ट नॉट नल, व्यास इंटिजर);

क्रिएट टेबल उपग्रह (क्रमांक इंटिजर प्रायमरी की, नाव टेक्स्ट नॉट नल, व्यास इंटिजर, शोधवर्ष इंटिजर, पिंड_क्रमांक इंटिजर नॉट नल रेफरन्सेस पिंड(क्रमांक));

इंटिजर म्हणजे पूर्णांक, टेक्स्ट म्हणजे मजकूर, नॉट नल म्हणजे रिकामे सोडता न येणारे आणि युनिक म्हणजे दोन ओळींत सारखे नसणारे. प्रायमरी की म्हणजे ओळीची अशी ओळख, जी दोन ओळींत कधीही सारखी नसते आणि कधीही रिकामी नसते. नावालाच प्रायमरी की का करू नये, हा प्रश्न शिकणारा हमखास विचारतो आणि तो रास्त आहे. नावे बदलतात. कर्बेरॉस २०११ साली आणि स्टिक्स २०१२ साली सापडला, आणि २०१३ साली अधिकृत नावे मिळेपर्यंत दोघेही तात्पुरत्या नावांनीच ओळखले जात होते. अर्थशून्य क्रमांकाला बदलण्याचे कारण पडत नाही, त्यामुळे त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या ओळीही सुरक्षित राहतात.

शेवटचा रकाना फॉरेन की आहे. गॅनिमीडच्या ओळीत ‘गुरू’ हे नाव नाही, गुरूचा व्यासही नाही. फक्त ५ हा आकडा आहे, आणि पिंड या टेबलात ५ क्रमांकाची ओळ गुरूची आहे. दोन टेबलांमधला दुवा एवढाच. ही कल्पना आज साधी वाटते, पण एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये काम करताना १९७० साली ती मांडली तेव्हा प्रचलित पद्धत निराळी होती. त्या काळच्या प्रणालींत नोंदी एकमेकींना साठवणुकीतल्या वाटांनी जोडलेल्या असत आणि हवी ती नोंद गाठण्यासाठी कोणत्या वाटेने जायचे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ठाऊक असावे लागे. साठवण बदलली की प्रोग्रॅम मोडत असे. नाते दाखवण्याचे काम रकान्यांतल्या किमतींनीच करावे आणि वाट शोधण्याचे काम प्रणालीवर सोपवावे, हे कॉड यांचे म्हणणे होते. १९८१ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार हा संगणकशास्त्रातला मानाचा पुरस्कार मिळाला.

एसक्यूलाइट वापरणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची सूचना पाठात ठळकपणे द्यायची आहे. जुन्या प्रोग्रॅमना अडचण होऊ नये म्हणून या प्रणालीत फॉरेन कीची तपासणी मूलतः बंद असते. प्रत्येक वेळी डेटाबेस उघडल्यावर ‘प्रॅग्मा फॉरेन_कीज = ऑन;’ ही आज्ञा द्यावी लागते, नाहीतर अस्तित्वात नसलेल्या ९९ क्रमांकाच्या पिंडाभोवती फिरणारा उपग्रहही निमूटपणे स्वीकारला जातो.

१४ ऑगस्ट २०२५

नऊ आणि सत्तावीस ओळी भरून झाल्या.

इन्सर्ट इंटू उपग्रह व्हॅल्यूज (४, ‘आयो’, ३६४३, १६१०, ५);

मराठीत काम करणाऱ्या वाचकाला इथे एक खास अडचण येईल, म्हणून ती तपासून पाहिली. देवनागरी कळफलक चालू असताना १६१० हे अंक देवनागरीत टंकले गेले, तर एसक्यूलाइट त्यांना संख्या मानत नाही. ते एखाद्या रकान्याचे नाव असावे असे समजून असा रकाना नसल्याचा संदेश देते. हा संदेश गोंधळात टाकणारा असला तरी निदान चूक लगेच कळते. खरा धोका तेच अंक अवतरणचिन्हांत टंकले गेल्यावर असतो. त्या वेळी शोधवर्ष या रकान्याचा प्रकार इंटिजर असूनही किंमत मजकूर म्हणून साठवली जाते, कारण एसक्यूलाइट रकान्याच्या प्रकाराकडे सक्ती म्हणून पाहत नाही. तुलना करताना कोणताही मजकूर कोणत्याही संख्येपेक्षा मोठा धरला जात असल्यामुळे असा आयो १७०० पूर्वीच्या उपग्रहांच्या यादीतून गळतो आणि कोणताही इशारा मिळत नाही. पोस्टग्रेएसक्यूएल अशी किंमत दारातच परत पाठवते. एसक्यूलाइटच्या ३.३७ आणि त्यापुढील आवृत्त्यांत टेबल तयार करताना शेवटी ‘स्ट्रिक्ट’ हा शब्द लिहिला की तीच शिस्त मिळते. म्हणून सर्व टेबले त्या शब्दासह पुन्हा तयार केली.

चंद्राच्या ओळीत शोधवर्ष काय लिहायचे, हाही निर्णय आजच घ्यावा लागला. चंद्राचा शोध लागलेला नाही. तो माणसाला नेहमीच दिसत आला आहे. शून्य लिहिले तर ते एक वर्ष ठरते आणि सरासरीत शिरते. अशा ठिकाणी नल ठेवायचे असते. नल म्हणजे शून्य नव्हे आणि रिकामा मजकूरही नव्हे. तिथे किंमत नाही, एवढेच ते सांगते.

१८ ऑगस्ट २०२५

सिलेक्टचा, म्हणजे टेबलातून माहिती मागणाऱ्या आज्ञेचा, पाठ लिहिला. कॉड यांचा विचार सामान्य वापरणाऱ्याच्या हाती देणारी भाषा डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी आयबीएममध्येच तयार केली आणि १९७४ साली सीक्वेल या नावाने मांडली; तीच पुढे एसक्यूएल झाली. १९८६ साली अमेरिकेच्या आणि १९८७ साली आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने तिचे प्रमाण रूप ठरवले. या भाषेत आपण काय हवे ते सांगतो. ते कसे शोधायचे हे सांगत नाही.

सिलेक्ट नाव, व्यास फ्रॉम उपग्रह व्हेअर व्यास > ३००० ऑर्डर बाय व्यास डेस्क;

डेटाबेसला विचारलेल्या अशा प्रश्नाला क्वेरी म्हणतात, आणि तिच्यात व्हेअरपुढे ओळी निवडण्याची अट असते. या क्वेरीला सहा ओळी उत्तर म्हणून मिळतात: गॅनिमीड ५,२६८, टायटन ५,१५०, कॅलिस्टो ४,८२१, आयो ३,६४३, चंद्र ३,४७५ आणि युरोपा ३,१२२ किलोमीटर. शेवटच्या शब्दामुळे क्रम उतरता लागतो. ऑर्डर बाय लिहिले नसेल तर ओळी कोणत्या क्रमाने येतील याची काहीही हमी नसते. आज त्या भरलेल्या क्रमाने दिसल्या, म्हणून उद्याही तशाच दिसतील असे गृहीत धरू नये. नावांनुसार क्रम लावताना एसक्यूलाइट युनिकोडमधील अक्षरांचा क्रम पाळते, त्यामुळे ‘ळ’ हे अक्षर वर्णमालेप्रमाणे ‘ह’ नंतर न येता ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये येते, हेही जाता जाता सांगितले आहे.

आजच्या पाठाचा सर्वांत मोठा भाग नलला दिला. १७०० पूर्वी सापडलेले उपग्रह विचारले तर ९ ओळी येतात: गॅलिलिओ यांनी १६१० मध्ये पाहिलेले चार, हायगेन्स यांना १६५५ मध्ये दिसलेला टायटन आणि कॅसिनी यांनी १६७१ ते १६८४ या काळात शोधलेले चार. १७०० किंवा त्यानंतरचे विचारले तर १७ ओळी येतात. दोन्ही मिळून २६ होतात, आणि टेबलात तर २७ ओळी आहेत. हरवलेली ओळ चंद्राची आहे. नलची कोणत्याही संख्येशी तुलना केली की उत्तर ‘होय’ येत नाही आणि ‘नाही’ही येत नाही, ते ‘अज्ञात’ येते, आणि व्हेअर फक्त ‘होय’ असलेल्या ओळी पुढे जाऊ देते. म्हणूनच ‘शोधवर्ष = नल’ असे लिहून चंद्र कधीच सापडत नाही; त्यासाठी ‘शोधवर्ष इज नल’ असेच लिहावे लागते. ज्या रकान्यात नल येऊ शकते त्यावर अट लावली की दोन्ही बाजूंची बेरीज एकूण ओळींशी जुळते का हे पाहण्याची सवय शिकणाऱ्याला लागावी, म्हणून ९, १७ आणि २७ हे आकडे पाठात मुद्दाम पुन्हा पुन्हा वापरले आहेत.

एका क्वेरीच्या पोटात दुसरी क्वेरी ठेवता येते, याचेही एक उदाहरण दिले आहे.

सिलेक्ट नाव फ्रॉम उपग्रह व्हेअर व्यास > (सिलेक्ट व्यास फ्रॉम पिंड व्हेअर नाव = ‘बुध’);

बुधापेक्षा मोठे उपग्रह दोनच आहेत, गॅनिमीड आणि टायटन; कॅलिस्टो अवघ्या ५८ किलोमीटरने मागे राहतो. बुधाचा व्यास क्वेरीत आकड्याने लिहिलेला नाही, त्यामुळे मोजमाप सुधारले आणि पिंड टेबलातली एक किंमत बदलली तर ही क्वेरी न बदलताच योग्य उत्तर देते.

२१ ऑगस्ट २०२५

जॉइन. माहिती वेगवेगळ्या टेबलांत विभागल्यावर ती पुन्हा एकत्र कशी आणायची, याचे उत्तर इथे मिळते, आणि नवशिके बहुतेक इथेच अडखळतात. म्हणून यंत्राच्या आत काय होते असे मानावे, हे आधी कागदावर दाखवले. पिंड टेबलातील प्रत्येक ओळ उपग्रह टेबलातील प्रत्येक ओळीशेजारी ठेवली तर ९ गुणिले २७, म्हणजे २४३ जोड्या होतात. त्यांत ‘बुध–टायटन’ आणि ‘मंगळ–ट्रायटन’ अशा निरर्थक जोड्याच जास्त आहेत. ऑनपुढची अट या २४३ जोड्यांना लागते आणि ज्यांत उपग्रहाचा पिंड_क्रमांक हा पिंडाच्या क्रमांकाशी जुळतो अशा २७ जोड्या तेवढ्या उरतात.

सिलेक्ट पिंड.नाव, उपग्रह.नाव फ्रॉम पिंड जॉइन उपग्रह ऑन उपग्रह.पिंड_क्रमांक = पिंड.क्रमांक;

प्रणाली प्रत्यक्षात २४३ जोड्या बनवत बसत नाही, ती जवळची वाट काढते; पण उत्तर मात्र त्या जोड्यांतून गाळून निघाल्यासारखेच असते. हे चित्र मनात असले की ऑनची अट राहून गेल्यावर २४३ ओळी का आल्या हे शिकणाऱ्याला स्वतःलाच उमगते.

या उत्तरात बुध आणि शुक्र कुठेच दिसत नाहीत, कारण त्यांच्याशी जुळणारा उपग्रह नाही. डावीकडच्या टेबलातली प्रत्येक ओळ राहिलीच पाहिजे असे वाटत असेल तर लेफ्ट जॉइन वापरावे. मग २९ ओळी येतात आणि बुध व शुक्र यांच्यासमोर उपग्रहाच्या रकान्यात नल दिसते. कोणता जॉइन बरोबर हे वाक्यरचना ठरवत नाही, प्रश्न ठरवतो. ‘उपग्रह कोणाचे आहेत’ असा प्रश्न असेल तर साधा जॉइन पुरतो. ‘प्रत्येक ग्रहाला कोणते उपग्रह आहेत’ असे विचारले असेल तर ज्यांना एकही नाही तेही उत्तराचा भाग आहेत.

लेफ्ट जॉइन लिहिल्यानंतर व्हेअरमध्ये उपग्रहाच्या शोधवर्षावर अट लावली की बुध आणि शुक्र पुन्हा गायब होतात, कारण त्यांच्या ओळींत शोधवर्ष नल आहे आणि नल अटीतून पार होत नाही. त्यांना टिकवायचे असेल तर ती अट ऑनमध्ये लिहावी लागते. अनुभवी माणसांच्या क्वेरींतही हे राहून जाते, त्यामुळे त्यासाठी स्वतंत्र सराव ठेवला आहे.

२५ ऑगस्ट २०२५

संशोधकांचे टेबल जोडले. प्रथमदर्शनी उपग्रहाच्या ओळीतच संशोधकाचा क्रमांक ठेवता येईल असे वाटते, पण शनीचा हायपेरिअन ही मांडणी टिकू देत नाही. १८४८ साली विल्यम बाँड आणि त्यांचे पुत्र जॉर्ज बाँड यांनी मिळून तो शोधला आणि त्याच सुमारास विल्यम लॅसेल यांनाही तो स्वतंत्रपणे सापडला. म्हणजे एका उपग्रहाला तीन संशोधक आहेत. दुसरीकडे लॅसेल यांच्या नावावर ट्रायटन, एरियल आणि अम्ब्रिएल हेही आहेत. दोन्ही बाजूंनी अनेक असले की एका रकान्यात स्वल्पविरामाने नावे लिहिणे किंवा संशोधक १, संशोधक २, संशोधक ३ असे रकाने वाढवत नेणे हे दोन्ही मार्ग सुचतात, आणि दोन्ही मार्गांनी ‘लॅसेल यांनी काय काय शोधले’ हा साधा प्रश्न अवघड होऊन बसतो.

योग्य मांडणीत ‘शोध’ हे तिसरे टेबल लागते. त्यात उपग्रह_क्रमांक आणि संशोधक_क्रमांक हे दोनच रकाने आहेत आणि दोघांची मिळून प्रायमरी की आहे, त्यामुळे तीच जोडी दुसऱ्यांदा भरता येत नाही. हायपेरिअनच्या तीन ओळी, लॅसेल यांच्या चार ओळी आणि त्यांतली एक ओळ दोघांच्या हिशेबात सामाईक. इतक्या साध्या रूपात ते नाते मावते.

२८ ऑगस्ट २०२५

ग्रुप बायच्या पाठात ओळींचे गट पाडून प्रत्येक गटासाठी एक उत्तर काढायचे आहे. व्हेअर ही अट गट पडण्यापूर्वी ओळींना लागते आणि हॅविंग ही अट गट पडल्यानंतर गटांना लागते, हा फरक संशोधकांच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. शोध टेबलाचे संशोधकांनुसार गट करून दोनपेक्षा जास्त उपग्रह असलेले गट मागितले की गॅलिलिओ, कॅसिनी, विल्यम हर्शेल आणि लॅसेल ही चार नावे येतात, आणि चौघांसमोर ४ हाच आकडा असतो.

आता दोन सापळे. पिंड आणि उपग्रह यांचा लेफ्ट जॉइन करून प्रत्येक पिंडासाठी ‘काउंट(*)’ मागितले तर बुधासमोर १ येतो. काउंट(*) ओळी मोजते, आणि लेफ्ट जॉइनने बुधासाठी एक ओळ राखून ठेवली आहे. ‘काउंट(उपग्रह.क्रमांक)’ लिहिले की नल मोजले जात नाही आणि बुधासमोर योग्य तो ० दिसतो.

दुसरा सापळा अधिक खोल आहे. पिंड, उपग्रह आणि शोध ही तिन्ही टेबले जोडून शनीचे उपग्रह मोजले तर ८ ऐवजी १० हे उत्तर येते. शोध टेबल जोडल्यामुळे हायपेरिअनची ओळ तीन संशोधकांसाठी तीनदा आली आहे. क्वेरीत व्याकरणाची चूक नाही, संगणकाने तक्रार केलेली नाही, आणि दहा हा आकडा दिसायलाही संशयास्पद नाही. जॉइननंतर एक ओळ नेमकी कशाची आहे, हा प्रश्न मोजण्याआधी विचारलाच पाहिजे. इथे ती उपग्रहाची राहिलेली नाही, उपग्रह आणि संशोधक यांच्या जोडीची झाली आहे. ‘काउंट(डिस्टिंक्ट उपग्रह.क्रमांक)’ ने ८ मिळतात, पण या प्रश्नाला संशोधक लागतच नव्हते, तेव्हा ते टेबल न जोडणे हाच उत्तम उपाय आहे.

शनीचे उपग्रह ८ हे उत्तर आकाशाविषयी मात्र खरे नाही. मार्च २०२५ मध्ये शनीच्या १२८ नव्या उपग्रहांना मान्यता मिळाली आणि त्यांची ज्ञात संख्या २७४ झाली. काउंटने दिलेले ८ हे आपल्या टेबलाविषयीचे विधान आहे. डेटाबेस फक्त त्यात जे लिहिले आहे त्याविषयीच बोलतो, हे वाचकाला इथेच सांगायचे आहे. पिंड टेबलात ‘उपग्रहसंख्या’ असा रकाना ठेवण्याचा विचारही याच कारणाने सोडून दिला: जी संख्या उपग्रहांच्या ओळींवरून काढता येते ती दुसरीकडे लिहून ठेवली, की नवा उपग्रह भरताना दोन जागा बदलाव्या लागतात आणि प्लुटोच्या पाच ओळींचा प्रश्न नव्या रूपात परत येतो.

२ सप्टेंबर २०२५

अपडेट (ओळीतली किंमत बदलणे) आणि डिलीट (ओळ काढून टाकणे).

अपडेट पिंड सेट वर्ग = ‘बटुग्रह’ व्हेअर नाव = ‘प्लुटो’;

लांबरुंद तक्त्यात पाच ओळी बदलाव्या लागत होत्या, इथे एक बदलली आणि पाचही उपग्रहांच्या जॉइनमध्ये नवा वर्ग दिसू लागला. व्हेअर न लिहिता हीच आज्ञा दिली तर नऊही पिंड बटुग्रह होतात, आणि ‘नक्की ना?’ असे कोणी विचारत नाही. म्हणून ट्रान्झॅक्शनची ओळख याच पाठात करून दिली आहे. आधी ‘बिगिन’, मग आज्ञा, मग सिलेक्टने पाहणी. सर्व ठीक असेल तर ‘कमिट’ आणि नसेल तर ‘रोलबॅक’, ज्यामुळे बिगिननंतरचे सगळे बदल पुसले जातात. वाचकाने व्हेअरशिवायची आज्ञा ट्रान्झॅक्शनमध्ये मुद्दाम चालवावी, नऊ बटुग्रह पाहावेत आणि रोलबॅक करावे, असा सराव दिला आहे.

शनीची ओळ काढून टाकण्याची आज्ञा दिली असता डेटाबेसने फॉरेन कीचे बंधन मोडत असल्याचे सांगून नकार दिला, कारण आठ उपग्रह तिच्याकडे बोट दाखवत आहेत. बंधने टेबलाच्या व्याख्येतच लिहून ठेवण्याचा खरा लाभ इथे कळतो: फॉरेन कीची तपासणी चालू असेल तर कोणत्याही प्रोग्रॅमने, कोणत्याही घाईत, कोणतीही आज्ञा दिली तरी निराधार उपग्रह उरत नाहीत.

५ सप्टेंबर २०२५

इंडेक्सवर, म्हणजे रकान्यातल्या किमतीवरून ओळ पटकन शोधून देणाऱ्या सूचीवर, छोटा पाठ. उपग्रह टेबलाच्या पिंड_क्रमांकावर इंडेक्स तयार केला आणि ‘एक्स्प्लेन क्वेरी प्लॅन’ने आधीची व नंतरची योजना पाहिली, आधी ‘स्कॅन’ म्हणजे सर्व ओळी वाचणे होते, नंतर ‘सर्च’ म्हणजे इंडेक्समधून थेट जाणे आले. सत्तावीस ओळींत वेळेचा फरक जाणवणार नाही, योजनेतला फरक मात्र स्पष्ट दिसतो, आणि पहिल्या ओळखीला तेवढे पुरे आहे. फॉरेन की लिहिली म्हणजे तिच्यावर इंडेक्स आपोआप होतो, असे एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेएसक्यूएल यांत घडत नाही. प्रत्येक इंडेक्स ओळ भरताना आणि बदलताना सांभाळावा लागतो, म्हणून सरसकट सगळ्या रकान्यांवर इंडेक्स करू नयेत.

९ सप्टेंबर २०२५

शेवटचा सराव रचनेचाच ठेवला आहे. अंतराळ मोहिमा या डेटाबेसमध्ये आणायच्या आहेत. व्हॉयेजर २ हे यान १९७९ मध्ये गुरूजवळून, १९८१ मध्ये शनीजवळून, १९८६ मध्ये युरेनसजवळून आणि १९८९ मध्ये नेपच्यूनजवळून गेले. न्यू होरायझन्स २००७ मध्ये गुरूजवळून आणि १४ जुलै २०१५ रोजी प्लुटोजवळून गेले. एका मोहिमेचे अनेक पिंड आणि एका पिंडाच्या अनेक मोहिमा, तेव्हा शोध टेबलासारखे ‘भेट’ हे मधले टेबल लागणार, हे आतापर्यंतच्या पाठांवरून वाचकाला सुचावे. भेटीची तारीख मोहिमेच्या ओळीत बसत नाही आणि पिंडाच्या ओळीतही बसत नाही. ती त्या जोडीविषयीची माहिती आहे, म्हणून ती भेट टेबलातच जाईल.

प्रायमरी कीचा निर्णय मात्र वाचकावर सोपवला आहे. मोहीम आणि पिंड यांची जोडी पुरेल असे व्हॉयेजर २ आणि न्यू होरायझन्स यांच्या सहा ओळी भरेपर्यंत वाटत राहते. त्यानंतर भरायला दिलेली माहिती मरिनर १० ची आहे, आणि ते यान बुधाजवळून तीन वेळा गेले: २९ मार्च १९७४, २१ सप्टेंबर १९७४ आणि १६ मार्च १९७५.